सत्यधर्माची परिभाषा आणि कष्टकऱ्यांची नावे

महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’चा विचार आजवर बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. धर्मचिकित्सेचा ग्रंथ म्हणून त्याची थोरवी सांगितली जाते; मराठी गद्याचा नमुना म्हणून मात्र तो बाजूस सारला जातो. या दुसऱ्या मताचे मूळ विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त आहे. वास्तविक चिपळूणकर १८८२ साली निवर्तले आणि हा ग्रंथ फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापला गेला. चिपळूणकरांनी फुल्यांच्या भाषेचा केलेला उपहास त्यांच्या आधीच्या लेखनाला उद्देशून होता; परंतु त्याची सावली या ग्रंथावरही पडली. भाषेचे मोल केवळ व्याकरणशुद्धीने ठरवावयाचे की त्या भाषेने पुढे कोणास काय नाव दिले यावरूनही ठरवावयाचे, हा येथे खरा प्रश्न आहे.

प्रथम ‘निर्मिक’ हा शब्द घ्यावा. संस्कृत नियमाने सिद्ध होणारे रूप ‘निर्माता’. फुल्यांनी ते न घेता नवे रूप घडविले. देव, ईश्वर, ब्रह्म या शब्दांना पुरोहिताचा हात लागलेला होता. ‘निर्मिक’ शब्दास तो लागलेला नव्हता. दुसरी गोष्ट ‘स्त्री-पुरुष’ या जोडीची. ‘माणूस’ म्हटले की मराठी वाक्य आपोआप पुल्लिंगाकडे झुकते. फुले सत्यवर्तनाचे नियम सांगताना दोघांचा उच्चार करतात आणि तो झुकाव अडवतात. याला शैलीचा बोजडपणा म्हणणे म्हणजे सिद्धांताला दोष समजणे होय.

श्रमाला धर्माचे अधिष्ठान देण्याचा प्रयत्न आमच्या भागाला अपरिचित नाही. नांदेड-लातूरच्या सीमेपलीकडे कल्याण येथे बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी ‘कायक’ ही संकल्पना मांडली. नावाडी अंबिगर चौडय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या यांच्या नावांतच त्यांचे काम आहे. कायकाने श्रमाला पूजेची प्रतिष्ठा दिली. तथापि प्रतिष्ठा मिळाल्याने मजुरीचा दर ठरत नाही. सत्यशोधक परंपरेचे वेगळेपण येथे दिसून येते: तिच्यातून श्रमाचा हिशेब मागणारे लोक निघाले. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. हा हिशेब गिरणीच्या बाहेर नेला डॉ. बाबा आढाव यांनी. त्यांच्या पुढाकाराने १९५५ साली पुण्यात हमाल पंचायत स्थापन झाली आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी राज्याचा कायदा झाला. एका मालकाशी बांधलेला नसलेल्या मजुराचे काम मंडळामार्फत नोंदवावे व त्याची मजुरी मंडळामार्फतच द्यावी, ही या कायद्याची युक्ती आहे.

आता नावांकडे पाहावे. ‘हमाल’ अरबीतून आला. त्याच्या मुळाशी ओझे आहे. ‘माथाडी’ शब्दात माथा आहे. एकात भार, दुसऱ्यात भार वाहणारे शरीर. ‘कष्टकरी’ शब्दात मात्र कर्ता आहे. शेतकरी, वारकरी, माळकरी यांतील ‘करी’ हा प्रत्यय येथे ‘कष्ट’ शब्दास लागला. संस्कृतात पीडा सांगणारा शब्द मराठीत मेहनतीचा झाला आणि तीतून माणसाची ओळख तयार झाली. १९९३ साली कचरावेचकांनी संघटना केली तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. त्यात ‘कचरा’ हा शब्द नाही. जे वेचले जाते त्यास मोल आहे, एवढे सांगून हे नाव थांबते. नामकरणाचा याहून नेमका नमुना अलीकडच्या मराठीत क्वचित आढळेल.

याउलट शासनाची परिभाषा पाहावी. १९६९ च्या कायद्यात ‘असंरक्षित कामगार’, २००८ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या नावात ‘असंघटित कामगार’. दोन्ही नावे नकारार्थी आहेत. त्यांत माणूस काय करतो हे नसून त्याच्यापाशी काय नाही हे आहे. विद्यापीठीय प्रबंधांनीही हीच परिभाषा बिनतक्रार उचलली आहे. हमालांची पंचायत १९५५ पासून उभी असता त्यांना ‘असंघटित’ म्हणणे ही शास्त्रीय अचूकता नव्हे.

तरीही सत्यशोधक परिभाषेच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. ‘पंचायत’ शब्दाबरोबर गावपंच आणि जातपंच यांची स्मृती येते. नव्या संस्थेने तो शब्द धुऊन घेतला असला तरी खेड्यात तो अजून जुन्या अर्थानेच ऐकू येतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ‘हमाल’ शब्दाचे स्त्रीलिंगी रूप व्यवहारात रुळलेले नाही. हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मोंढ्यात पोते उचलणाऱ्यास नाव आहे. तेच धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या, सांडलेले दाणे गोळा करणाऱ्या स्त्रीस ‘बाई’ याखेरीज नाव नाही. ज्यास नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि नोंदीवाचून भविष्यनिर्वाह निधी वा नुकसानभरपाई मागता येत नाही. फुल्यांनी धर्माच्या नियमांत पाळलेली ‘स्त्री-पुरुष’ ही जोडी मोंढ्याच्या नोंदवहीत अद्याप उतरलेली नाही.

तेव्हा या ग्रंथाची भाषा अशुद्ध आहे की शुद्ध, हा वाद आता संपवावयास हरकत नसावी. तिने सुरू केलेले नामकरणाचे कार्य अपुरे राहिले आहे आणि ते पुरे करण्यात भाषेच्या अभ्यासकांचाही वाटा आहे. मराठवाड्यातील मोंढे, वीटभट्ट्या व ऊसतोडीचे तळ येथील श्रमनामांचा कोश तयार करणे हे त्या दिशेने पहिले पाऊल ठरेल. त्यात स्त्रियांच्या कामांची नावे प्रथम नोंदवावीत.