मोरोक्कोंतील दुसरी भेट

प्रवासाची योजना आंखतांना पूर्वीच्या प्रवाशांचीं वर्णनें चाळावीं, हा सुशिक्षित कुटुंबांतील रिवाज चांगला आहे. मात्र त्यांतून काय घ्यावें याचा विवेक हवा. मोरोक्कोची आठवड्याभराची सफर योजणाऱ्या वाचकांच्या हातीं ईडिथ व्हार्टन या अमेरिकन लेखिकेचें ‘इन मोरोक्को’ (१९२०) हें पुस्तक येण्याचा संभव असल्यामुळें त्याचें परीक्षण आम्ही याच दृष्टीनें करीत आहों.

बाईंचा प्रवास १९१७ सालचा, म्हणजे ऐन महायुद्धांतला. फ्रेंच रेसिडेंट-जनरल ल्योते यांच्या त्या पाहुण्या असून लष्करी मोटार त्यांच्या दिमतीस होती. टँजियर, रबात, मेक्नेस, फेझ, मराकेश हीं शहरें त्यांनीं सुमारें महिन्याभरांत पाहिलीं. पुस्तकाचें मर्म आमच्या मतें प्रस्तावनेंतील एका कबुलींत आहे. पेट्रोल जपून वापरावें लागल्यामुळें एखाद्या स्थळीं पुन्हां जातां येत नसे, आणि निश्चित, तपशीलवार ठसा तर दुसऱ्या भेटीनेंच मनावर उमटतो, असें त्या म्हणतात.

हाच निकष त्यांच्या पुस्तकास लावून पाहावा. मराकेशच्या बाहिया राजवाड्यांत त्यांचा मुक्काम होता; त्याचें वर्णन डोळ्यांपुढें उभें राहतें. जनानखान्यांविषयीं मात्र घटकाभराच्या, दुभाष्याच्या मध्यस्थीनें झालेल्या भेटींवरून त्या संबंध समाजाचा निवाडा करतात. १९१२ ते १९५६ पर्यंत टिकलेल्या फ्रेंच अमलाची त्यांनीं केलेली स्तुति वाचतांना, पुस्तक ल्योते दांपत्यासच अर्पण केलेलें आहे, हें विसरतां येत नाहीं. याउलट टँजियरचाच इब्न बतूता (जन्म १३०४) पाहा. तो आमच्या दौलताबादेसही येऊन गेला. परंतु दिल्लीस तो कित्येक वर्षें राहिला, काजी झाला, म्हणून दिल्लीविषयींची त्याची साक्ष अधिक वजनदार वाटते.

बाईंची अडचण आज उरलेली नाहीं. टँजियरहून कासाब्लांकास २०१८ पासून अतिजलद आगगाडी दोन तासांच्या थोडें वर पोंचते. फेझ, मेक्नेस, रबात व मराकेश हींही लोहमार्गानें जोडलेलीं आहेत. तरी प्रचलित कार्यक्रमपत्रिकांत सात दिवसांत पांच शहरें व वर मेर्झूगाचें वाळवंट कोंबलेलें असतें! तिकडे आगगाडी नाहीं. मराकेशहून पांचशेंहून अधिक किलोमीटरांचा रस्ता, वाटेंत सुमारें २,२६० मीटर उंचीची टिझी-न-टिश्काची खिंड. जाण्यायेण्यांत तीन दिवस तरी खर्ची पडतात.

आमचें मत असें कीं, आठवडाच हातीं असेल तर वाळवंट सोडावें. फेझ येथें तीन रात्री, रबातेस एक व मराकेशला तीन, एवढें पुरे. मेक्नेस फेझहून एका दिवसांत पाहून परततां येतें. फेझच्या जुन्या वस्तींत मोटार शिरत नाहीं, आणि नवख्याचा पहिला दिवस वाट चुकण्यांतच जातो. परंपरेप्रमाणें ८५९ सालीं स्थापन झालेल्या करावियीन मशिदींत मुसलमानेतरांस प्रवेश नाहीं. तिचें अंगण दारांतूनच दिसतें, आणि सकाळीं पाहिलेलें तें अंगण संध्याकाळीं निराळें भासतें. अशा जागीं पुन्हां जाण्यास सवड ठेवणें हेंच योजनेचें सार होय.

पुस्तक अवश्य संग्रहीं ठेवावें. बाईंस जें युद्धामुळें साधलें नाहीं, तें आपण निव्वळ हांवेपायीं गमावूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.