'अपूर्ण गरज' ठरवतं कोण?

विषय कुटुंब नियोजनाचा आहे आणि मी काही डॉक्टर नाही. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस शब्द तपासतो, तेवढंच आज करणार आहे. तो शब्द म्हणजे 'अपूर्ण गरज'. सरकारी अहवालांत 'अनमेट नीड' म्हणून येतो तोच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातली ही अपूर्ण गरज १२.९ टक्के होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती ९.४ टक्क्यांवर आली. आकडा उतरला, आपण समाधान मानलं. पण तो काढतात कसा, बघा. स्त्री विवाहित आहे, वय १५ ते ४९ आहे, दिवस राहू शकतात, मूल नको आहे किंवा निदान दोन वर्षं तरी नको आहे, आणि ती कुठलंच साधन वापरत नाही. झाली तिची गरज 'अपूर्ण'! "बाई, तुला साधन हवंय का?" याचं उत्तर या हिशेबात धरलेलंच नाही. म्हणजे इच्छा तिची, पण तिच्यावरून गरज ठरवणारे आपण.

याने काय होतं? आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या दोन बाया डोळ्यांसमोर आणा. दोघीही कल्पनेतल्या, पण अनोळखी वाटणार नाहीत. पहिली लाखांदूर तालुक्यातली. दोन मुलं आहेत, तिसरं नको. नवरा बाहेरगावी कामाला, वर्षातून दोनदा घरी येतो. ती म्हणते, मला आत्ता गोळ्या कशाला? हिची गरज 'अपूर्ण'. दुसरी पवनीकडची, वय २४. तिला पाळणा फक्त लांबवायचा होता. तांबीबद्दल कोणी नीट समजावलं नाही. "दोन झाले ना, आता ऑपरेशन करून टाक," असं सासरी ठरलं आणि झालं. हिची गरज 'पूर्ण'! जिचं मन विचारलंच गेलं नाही, तिच्या नावापुढे बरोबरची खूण. याला मी तर्कदोष म्हणतो. साधन वापरात असणं म्हणजे मनासारखं होणं नव्हे.

दुसरा मुद्दा. आपण 'जोडप्यांची गरज' म्हणतो, पण हिशेब होतो तो बायकोच्या उत्तरांवर. आणि शस्त्रक्रिया? त्याच पाचव्या फेरीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची; तरी टेबलावर जाते ती बाईच. १९७६ च्या सक्तीत पुरुषांना धरून नेलं गेलं, त्याची भीती अजून उतरली नाही, हे खरं. पण त्या भीतीची किंमत बाईच्या देहाने का चुकवायची?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांच्यावरच्या खटल्यात १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. त्यातला एक युक्तिवाद असा होता की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलांना कोणी तयार झाला नसता. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्या युक्तिवादाच्या मध्यभागी लोकसंख्येचा आकडा नव्हता, सोसणारी बाई होती.

ही संकल्पना टाकून द्या, असं मी म्हणत नाही. नसबंदीच्या टार्गेटपेक्षा ती कितीतरी बरी. निदान मूल हवं की नको, हे तरी ती बाईला विचारते. माझं म्हणणं एवढंच की तिथे थांबू नका. तीन प्रश्न जोडा: साधन हवंय का? वापरता ते तुम्ही निवडलंत का? नको झालं तर सोडता येतं का? आणि हेच प्रश्न नवऱ्यालाही विचारा. मग कदाचित आकडा वाढेल. वाढू द्या. उतरलेल्या खोट्या आकड्यापेक्षा चढलेला खरा आकडा आशाताईच्या जास्त कामाचा आहे.