त्र्याऐंशी लाख ठिपके

सर्व्हर या वस्तूशी माझा आजवरचा संबंध बँकेच्या काउंटरपुरता होता. पासबुक पुढे सरकवलं की पलीकडून "सर्व्हर डाऊन आहे" असं ऐकू यायचं आणि मी घरी परत यायचो. त्यामुळे अंधेरीच्या भाच्याने "मामा, घरी सर्व्हर घेतलाय, रविवारी मामीला घेऊन ये" असा फोन केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो, "चालू आहे का?"

मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि तिथून मेट्रो. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाली आणि मध्य रेल्वेवरच्या माणसांना पश्चिम रेल्वेवरच्या नातेवाइकांकडे न जाण्याची एक जुनी, खात्रीची सबब बुडाली. असो.

भाच्याने तिसऱ्या बेडरूमचं थिएटर केलं होतं. भिंती काळ्या, छत काळं, खिडकी बुजवलेली. पाठ टेकली की पाय वर घेणाऱ्या सात खुर्च्या. घरात माणसं तीन. यंत्र मात्र दिसेना. ते बाहेर चपलांच्या कपाटावर एका जाळीदार खणात होतं आणि पंख्याची बारीक घरघर करत होतं.

त्याने मला समजावलं ते असं. इंटरनेटवरून येणारा सिनेमा म्हणजे नळाचं पाणी. फोर-के म्हणून येतो तोही सेकंदाला साधारण पंधरा ते पंचवीस मेगाबिट एवढ्याच धारेने. फोर-के ब्लू-रे चकतीवर तीच धार १२८ पर्यंत जाऊ शकते. असा एकेक सिनेमा साठ-सत्तर जीबीचा, कधी नव्वदचाही. तो आधीच भरून ठेवायची गच्चीवरची टाकी म्हणजे सर्व्हर, आणि प्लेअर म्हणजे तोटी. उपनगरात जन्म काढलेल्या माणसाला याहून सोपं करून सांगता येणार नाही. टाकी धुता कधी, एवढं मात्र मी विचारलं.

पण टाकी बांधणारा टिकला पाहिजे ना! अमेरिकेत कॅलिडस्केप नावाची या धंद्यातली नामांकित कंपनी आहे. (भाच्याची पेटी तिची नव्हे.) लोकांना आपल्या डीव्हीड्या पेटीत उतरवून घेऊ देते म्हणून २००४ साली तिच्यावर खटला झाला, तो दहा वर्षं चालून २०१४ साली तडजोडीने मिटला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि काही आठवड्यांत पुन्हा दुकान उघडलं. मधल्या दिवसांत तिच्या गिऱ्हाइकांना झोप लागली असेल असं वाटत नाही. ओप्पो कंपनीचे प्लेअर शौकीन मंडळी देवासारखे मानत. तिने २०१८ साली ते बनवणं थांबवायचं ठरवलं.

मग दिवे विझले आणि पडद्यावर वाळू दिसली. 'ड्यून' नावाच्या सिनेमातली.

"कण न् कण दिसतोय ना?" भाचा म्हणाला.

दिसत होता. पडद्यावर सुमारे त्र्याऐंशी लाख ठिपके असतात म्हणे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींना एकच लाख कमी. एरवीच्या टीव्हीत एका रंगाच्या २५६ पायऱ्या, इथे १,०२४. मी खोटं बोलणार नाही, काळोख असा काळा मी सिनेमात फारसा पाहिलेला नाही. पण वाळूचा माणूस कुठे निघालाय हे कळायच्या आत भाच्याने सिनेमा बदलला. आता पाऊस. मग एका नटाच्या नाकावरची रंध्रं. मग स्फोट. तासाभरात आम्ही नऊ सिनेमे पाहिले आणि एकाचीही गोष्ट आम्हाला कळली नाही. हिने हळूच विचारलं, "जाहिराती संपल्यावर पिक्चर आहे ना?"

माझी या यंत्राविरुद्ध मुख्य तक्रार इथे आहे. एवढं स्वच्छ दाखवणारी वस्तू घरात आली की मालक सिनेमा बघायचा थांबतो आणि वस्तूकडे बघत बसतो. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ आमच्या सोसायटीत एका रात्रीच्या भाड्याने व्हीसीआर येऊ लागला. चित्र भिकार असायचं. पडद्याच्या खालच्या पट्ट्यात बारमाही पाऊस, हिरॉइन जांभळी, आणि हेडवरून कोरी नोट फिरवून ते साफ करणारा एक स्वयंघोषित तज्ज्ञ. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. फक्त तिसऱ्या कॅसेटचा शेवट होईपर्यंत, म्हणजे दूधवाला येईपर्यंत, कोणी जागचं हलत नसे.

आणि स्वच्छ चित्राला मी विरोध तरी कशाला करू? श्याम बेनेगलांचा १९७६ चा 'मंथन' फिल्म हेरिटेज फाउंडेशनने फोर-केमध्ये नव्याने उजळवला, तो २०२४ साली कानला दाखवला गेला आणि जूनमध्ये आपल्याकडच्या थिएटरांत आला. मी पाहिला. स्मिता पाटीलचा तो चेहरा, कपाळावरच्या घामासकट! फिल्मचा दाणाही तसाच ठेवलेला. नाहीतर हल्ली काही जुन्या सिनेमांतली माणसं घासून घासून मेणाची करून ठेवतात. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून तो सिनेमा केला होता. म्हणजे दहा लाख. भाच्याच्या खोलीला किती लागले हे सूनबाईंनी हिच्या कानात सांगितलं, त्यात 'मंथन' निघून वर पोस्टरांचा खर्च सुटला असता.

मी म्हटलं, "'सिंहासन' लाव."

भाच्याने शोधलं. नाही. 'सामना'? नाही. 'जैत रे जैत'? नाही. 'उंबरठा'? यंत्राने तत्परतेने वीस इंग्रजी सिनेमे सुचवले. "यूट्यूबवर मिळेल, मामा," तो म्हणाला, "पण या पडद्यावर यूट्यूब..." पंचतारांकित हॉटेलात घरून डबा नेल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

यंत्राचा दोष नाही. टाकीत जे ओतलं तेच तोटीतून येणार, आणि ओतायला आधी मूळ निगेटिव्ह धड लागते. सत्यजित रायांच्या अपूच्या तिन्ही सिनेमांच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या. त्यांतलं वाचण्याजोगं इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी पुन्हा सरळ करून घेतलं आणि २०१५ साली ते सिनेमे नवे होऊन आले. आपल्या पुण्यात ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभातच्या, आवारात नायट्रेट फिल्मांचं कोठार जळालं. त्या फिल्मांची राख बोलोन्याला पाठवून काय होणार? भाच्याला ही आग ठाऊक नव्हती. मलाही ती त्या वेळी पेपरात वाचून विसरायलाच झाली होती.

पण मी तयारीने गेलो होतो. पिशवीत 'सिंहासन'ची दोन चकत्यांची व्हीसीडी होती. यंत्राला चकती घालायला तोंडच नव्हतं. शेवटी मला धडा शिकवायचा म्हणूनच बहुधा भाच्याने माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला आणि तो पडद्याला जोडला. व्हीसीडीत आडवे ३५२, उभे २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपके. चौऱ्याऐंशी लक्ष पुरे झाले! १,०२४ पायऱ्यांच्या त्या पडद्यावर कृष्णधवल निळू फुले चौकोनाचौकोनांत येऊन उभे राहिले, श्रीराम लागूंच्या गालावर फरशी बसवलेली. भाचा हसला. मग अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री बोलू लागले. सिनेमा १९७९ चा, पण भाच्याने दहाव्या मिनिटाला विचारलं, "मामा, हा आत्ताचाच कुणी आहे का रे?" मी म्हटलं, बघ.

पहिली चकती संपली तेव्हा रिमोट खुर्चीखाली पडला होता. सूनबाईंनी चहा आणला तो निवला. दुसऱ्या चकतीवर मात्र शेवटच्या दहा मिनिटांवर ओरखडा. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस तोंड उघडून जो थांबला तो थांबलाच. चकती ओढणीला पुसून झाली, फुंकून झाली, भाच्याने लॅपटॉपला दोन चापट्याही मारल्या.

"मग पुढे काय होतं?" तो म्हणाला.

मी खुर्चीवरून उठलो, म्हणजे बटण शोधून पाय खाली घेतले, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात उभा राहून शेवट सांगायला लागलो. दिगूचं ते हसणं मला अजिबात साधलं नाही. ही म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा ओरखडा बरा." पण भाचा म्हणाला, "मामी, थांब जरा. मामा, तू सांग."