बॉस्टन नगरभवन : आराखडा आणि वापर

नगरपालिकेच्या इमारतीचे मूल्यमापन करताना कामासाठी आलेल्या नागरिकाची वाट आधी तपासा. अमेरिकेतील बॉस्टनचे नगरभवन पाहू. १९६२ च्या स्पर्धेत कॉलमन, मॅकिनेल आणि नोल्स यांचा आराखडा निवडला गेला व १९६८ मध्ये इमारत पूर्ण झाली.

जागांची मांडणी सुस्पष्ट आहे. लोकांची रोजची वर्दळ असणारी खाती खाली, महापौर व नगरपरिषद मध्ये, अंतर्गत कार्यालये वर. काँक्रीटच्या दर्शनी भागावरूनही ही विभागणी ओळखता येते. इथपर्यंत आराखड्याला पूर्ण गुण द्यावेत.

उणीव दाराबाहेर आहे. उतरत्या जमिनीवरच्या विटांच्या विस्तीर्ण पटांगणात जागोजागी पायऱ्या होत्या. व्हीलचेअरवरील माणसाला दारापर्यंत पोहोचणेच कठीण. २०२२ मध्ये नूतनीकरण होऊन सौम्य उताराचा मार्ग खुला झाला. म्हणजे उपाय अशक्य नव्हता. पण त्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे गेली. म्हणून माझ्या मते ही इमारत कागदावर लोकाभिमुख, वापरात मात्र अपुरी ठरली.

स्वाध्याय : आपल्या गावच्या नगरपालिकेत फाटकापासून जन्मदाखल्याच्या खिडकीपर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजा. आराखड्याला गुण त्यानंतर द्या.