पोस्टरवरची तिसरी ओळ

जुन्या हिंदी चित्रपटांची पोस्टर्स पूर्वी खळ लावून भिंतीवर चिकटवली जात. आता ती चौकटीत बसवून टांगली जातात. महानगरांतील उपाहारगृहे, सुखवस्तू दिवाणखाने, टी-शर्ट, चहाचे मग, उशांचे अभ्रे अशा सर्व ठिकाणी 'मुगल-ए-आझम', 'पाकीजा' आणि 'दीवार' भेटतात. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी चित्रपटांच्या जाहिरातकलेचे प्रदर्शन भरवले. २००४ साली 'मुगल-ए-आझम' संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा पडद्यावर आला. २००७ साली 'ओम शांती ओम'ने सत्तरच्या दशकातील कपडे, केशभूषा आणि रंग यांचा उत्सवच मांडला. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संस्कृतीविषयीचे हे स्मरणरंजन ओसरलेले नाही, उलट त्याची एक स्थिर बाजारपेठ झाली आहे.

स्मरणरंजनाला नाक मुरडण्याचे कारण नाही. माणसे आपला गतकाळ आठवतात, आणि गतकाळाच्या वस्तू सुंदर असतील तर त्या जवळ बाळगतात. परंतु प्रत्येक स्मरण ही एक निवड असते. काय जपले आणि काय गाळले यावरून गतकाळापेक्षा आठवणाऱ्यांचा वर्तमानकाळच अधिक कळतो. ही निवड तपासण्यासाठी आम्ही पोस्टरवरचा एक लहानसा तपशील हाती घेत आहोत. हा तपशील म्हणजे उर्दू लिपीत लिहिलेले चित्रपटाचे नाव.

त्या काळच्या हिंदी चित्रपटाचे नाव श्रेयनामावलीत आणि पोस्टरवर पुष्कळदा तीन लिप्यांत लिहिले जाई. रोमन, देवनागरी आणि उर्दू. उर्दूची ओळ बहुधा खाली किंवा कोपऱ्यात, आकाराने लहान असे. ही काही धर्मनिरपेक्षतेची प्रतिज्ञा नव्हती. त्यामागे साधा धंद्याचा हिशेब होता. दिल्ली, लखनौ, हैदराबाद, भोपाळ, मुंबईचे मोहल्ले येथे उर्दू वाचणारा प्रेक्षक होता, आणि तो केवळ मुसलमान नव्हता. फाळणीनंतर आलेला पंजाबी हिंदू वा शीख निर्वासित अनेकदा उर्दूतच वाचत असे. चित्रपटांचे संवादलेखक आणि गीतकार तर मोठ्या संख्येने उर्दूचेच होते. साहिर, मजरूह, शकील बदायुनी, कैफी आझमी ही नावे सांगितली तरी पुरे. म्हणजे पोस्टरवरची तिसरी ओळ दोन माणसांची साक्ष देत होती. एक ती लिहिणारा कातिब आणि दुसरा ती वाचणारा तिकीटदार.

पुढे ही ओळ हळूहळू आक्रसत गेली. उर्दू वाचणारी बिगरमुस्लिम पिढी काळाआड गेली. शाळांमधून उर्दू मागे पडली आणि ती एका समाजाची भाषा असल्याचा समज पक्का झाला. पोस्टरवर रोमन लिपीने जागा व्यापली. कातिबाचे हातही दुसऱ्या बाजूने रिकामे होत होते. १९८१ साली नस्तालिक लिपी यंत्रावर आली, १९९४ साली इनपेज हे संगणकीय साधन आले, आणि उर्दू वर्तमानपत्रांतील हाताची किताबत उठली. बोरूच्या कापाने अक्षराची जाडी-बारीकी ठरवणारी एक विद्या एका पिढीतच जुनी झाली.

आता चौकटीतल्या पोस्टरकडे पुन्हा पाहू. त्यावर उर्दूची ओळ अजून आहे, आणि ती ग्राहकाला आवडते. त्या वळणदार अक्षरांमुळे चित्राला 'जुन्या काळाचा' गंध येतो. परंतु ती वाचण्याची गरज कुणाला उरलेली नाही. लिपीची वेलबुट्टी झाली आहे. याच शहरांत दुकानाच्या वा रस्त्याच्या पाटीवर उर्दू अक्षरे दिसली की लोकांच्या भुवया उंचावतात. दिवाणखान्यात जी लिपी नजाकत ठरते, ती रस्त्यावर संशयास्पद ठरते. आमच्या मते सध्याच्या स्मरणरंजनाचे सारे मर्म या विसंगतीत आहे. त्याला खूण हवी आहे, खुणेमागचा माणूस नको आहे.

हीच गोष्ट तथाकथित 'मुस्लिम सोशल' चित्रपटांबाबत अधिक ठळकपणे दिसते. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२) यांच्याविषयी बोलताना आजचा रसिक हळवा होतो. ती तहजीब, तो अदब, ती झुंबरे आणि जाळीदार सज्जे, ते शरारे आणि शेरवान्या. कमाल अमरोहींच्या 'पाकीजा'तील प्रत्येक दृश्याची रंगयोजना आणि वास्तुरचना खरोखर विलक्षण आहे. तिचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या पडद्यावरचा मुसलमान कोण आहे? तो नवाब आहे, शायर आहे, ती तवायफ आहे, फार तर एखादा विनोदी नोकर आहे. मालेगाव-भिवंडीचा माग चालवणारा, कोकणच्या बंदरातला खलाशी, मराठवाड्यातला कूळकरी, सोलापूरचा गिरणी कामगार त्या हवेलीच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचत नाही.

तारखा शेजारी ठेवल्या की हे अधिक टोचते. मे १९७० मध्ये भिवंडी आणि जळगाव येथे भीषण दंगली झाल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १९७२ मध्ये 'पाकीजा' मुंबईत झळकला. 'पाकीजा'ची जुळवाजुळव १९५० च्या दशकापासून चालू होती, तेव्हा त्या चित्रपटाने भिवंडीवर बोलावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रश्न चित्रपटाचा नाही, आठवणाऱ्यांचा आहे. त्याच दशकात 'गर्म हवा'ही आला. आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा, फाळणीनंतर त्याची हातातून गेलेली हवेली, भाड्याच्या घरासाठी त्याचे दारोदार फिरणे आणि नकार ऐकणे, हे सर्व त्यात आहे. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांचे लेखन, एम. एस. सथ्यू यांचे दिग्दर्शन, बलराज साहनींचा अखेरच्या काळातील अभिनय, असा सगळा ऐवज असूनही चहाच्या मगावर सलीम मिर्झा येत नाही. तिथे साहिबजानच येते. पुढे १९८९ साली सईद मिर्झा यांनी 'सलीम लंगडे पे मत रो'मध्ये मुंबईच्या मुस्लिम वस्तीतला तरुण उभा केला. त्याचेही पोस्टर आमच्या पाहण्यात कुणी टांगलेले नाही. घर नाकारला जाणारा मुसलमान आठवणीत ठेवला तर आजच्या गृहनिर्माण संस्थांकडे पाहावे लागते. साहिबजानला आठवताना अशी काही अडचण येत नाही.

इथपर्यंतचे आमचे बोलणे इतरांविषयी होते. परंतु मराठी मुसलमानांच्या घरांतही हे स्मरणरंजन आहे, आणि त्याचीही तपासणी व्हायला हवी. आमच्याकडे कुणी रत्नागिरीकडची कोकणी बोलतो, कुणी मराठवाड्यातली दखनी, कुणी सातारा-कोल्हापूरची रांगडी मराठी. आमच्या आयाबायांनी जात्यावर मराठी ओव्या म्हटल्या आहेत. तरीही 'आपला सुवर्णकाळ कोणता' असे विचारले की बोट लखनौच्या हवेलीकडे जाते. पडद्याने दाखवलेली शेरवानी ही आपल्या आजोबांची मानली जाते. प्रत्यक्षात आजोबांच्या अंगात सदरा असतो आणि डोक्याला पटका. उर्दू तहजीबीवर प्रेम करण्यात गैर काहीच नाही, ती या देशाची मोठी ठेव आहे. मात्र दुसऱ्या प्रांताच्या उच्चवर्गाची आठवण स्वतःची म्हणून पांघरली की स्वतःची आठवण उघडी पडते.

ही उघडी पडलेली आठवण केवढी श्रीमंत आहे, हे त्याच पोस्टरकलेच्या इतिहासातून दिसते. भारतीय चित्रपटाच्या पोस्टरची कथा सांगताना कोल्हापूर टाळता येत नाही. बाबूराव पेंटर यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांपैकी मानले जाते. त्याच कोल्हापूरचे जी. कांबळे. 'मुगल-ए-आझम'चे भव्य फलक रंगवणारे चित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अकबर, सलीम, अनारकली यांचे जे चेहरे लोकांनी थिएटरबाहेर मान वर करून पाहिले, ते या मराठी हाताने उभे केलेले होते. आणि महाराष्ट्र शासनाने ज्या शिवछत्रपतींच्या चित्राला मान्यता दिली, ते चित्रही याच जी. कांबळे यांचे. एकाच कुंचल्याने अकबरही रंगवला आणि शिवाजी महाराजही. आज या दोन नावांचा उपयोग माणसे विभागण्यासाठी सर्रास होतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला केवळ कलेच्या इतिहासाची वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला मकबूल फिदा हुसेन आहेत. १९१५ साली पंढरपूरात जन्मलेला हा मुलगा इंदूरमार्गे १९३० च्या दशकात मुंबईत आला आणि पोटासाठी चित्रपटांचे फलक रंगवू लागला. पुढे त्यांनी मुलांसाठी फर्निचर आणि खेळणीही घडवली. मोठ्या पृष्ठभागावर झपाट्याने, ठसठशीत रेषेने आकृती उभी करण्याची त्यांची सवय फलकांच्या त्या तालमीतून आली, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे. २००६ साली खटले आणि धमक्यांमुळे हुसेन यांना देश सोडावा लागला. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि जून २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या वर्षांत सिनेमाचे जुने फलक 'कला' म्हणून लिलावात चढत होते, त्याच वर्षांत ते फलक रंगवून मोठा झालेला पंढरपूरचा चित्रकार परागंदा होता. वस्तू प्रिय आणि वस्तू घडवणारा अप्रिय, याहून स्पष्ट दाखला कोणता देणार?

तिसरे उदाहरण पडद्यावरचेच. १९६१ साली 'प्रपंच' हा मराठी चित्रपट आला. त्यात कुंभाराची भूमिका शाहीर अमर शेख यांनी केली. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा बुलंद आवाज. एक मराठी मुसलमान मराठी कुंभार होऊन मातीत हात घालतो, अस्सल गावरान मराठी बोलतो, आणि प्रेक्षकांना त्यात काहीही वेगळे वाटत नाही. 'मेरे महबूब'च्या आगेमागेच हे घडले. परंतु त्याचे स्मरणरंजन कुणी करत नाही. इतरही नाही, आणि दुर्दैवाने आम्हीही नाही.

आता घडवणाऱ्या हातांविषयी. फलक रंगवणे हे एकट्या प्रतिभावंताचे काम नव्हते, ती कार्यशाळा होती. चित्रपटातील छायाचित्रावर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात कापडावर मोठ्या चौकटी आखायच्या, आकृती उतरवायची. शागिर्दांनी पार्श्वभूमी भरायची, उस्तादाने चेहरा रंगवायचा, अक्षरे लिहिणारा वेगळा. चित्रपट उतरला की तेच कापड पुसून पुढच्या चित्रपटासाठी घ्यायचे. जाणीवपूर्वक तात्पुरती अशी ही कला होती. छापील पोस्टरचे तंत्र निराळे. दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांनी 'दीवार' आणि 'अमर अकबर अँथनी'च्या वेळी सुरीने लावलेल्या जाड रंगांतून चेहऱ्यांना जो ताण दिला, तो त्या दशकाचा चेहराच बनला. नव्वदीनंतर संगणकावर जुळवलेली छायाचित्रे आणि पाठोपाठ फ्लेक्स आले, आणि या कार्यशाळा बंद पडत गेल्या. मुंबईच्या आल्फ्रेड टॉकीजसाठी हाताने फलक रंगवणारे शेख रहमान यांच्यावर 'ओरिजिनल कॉपी' हा माहितीपट २०१५ साली जर्मन दिग्दर्शकांनी केला. बंद पडत चाललेल्या कारखान्याची दखल घ्यायला परदेशातून माणसे यावी लागली, यात आपल्या स्मरणरंजनाची खोली कळते. आपण चित्राची छापील नक्कल विकत घेत होतो, चित्रकाराला काम देत नव्हतो.

याचा अर्थ तो काळ निर्मळ होता असे नव्हे. फलकावरच्या चित्रकारांपैकी बहुतेकांचे नाव कुठेही लागले नाही. त्या पोस्टरांतील स्त्री बहुधा पुरुषाच्या मुठीत किंवा पायाशी असे. पडद्यावर तवायफीचे दुःख देखणे करून दाखवताना खऱ्या तवायफींच्या मोहल्ल्यांचे काय झाले हे कुणी विचारले नाही. गतकाळाची समीक्षा टाळून केलेली पूजा अखेर गतकाळालाही न्याय देत नाही.

म्हणून स्मरणरंजनाला आमची एक साधी कसोटी आहे. जी वस्तू आपण प्रेमाने भिंतीवर लावतो, ती कुणी घडवली आणि ती कुणासाठी होती, हे विचारायचे. उत्तर मिळाले आणि त्या माणसांना आजही आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत, आपल्या शाळेत जागा असेल, तर ते स्मरण जिवंत आहे. नसेल, तर ती निव्वळ सजावट आहे. मराठी मुस्लिम लेखकाचे काम तर याहून पुढचे आहे. लखनौच्या झुंबरावरून नजर काढून कोल्हापूरचा रंगाचा डबा, पंढरपूरचा परागंदा चित्रकार आणि बार्शीचा शाहीर यांच्याविषयी त्याने लिहिले पाहिजे. पोस्टरवरची तिसरी ओळ वाचायला शिकणे चांगलेच. पण त्या पोस्टरवर आमच्या बोलीची ओळ कधी लिहिलीच गेली नाही. ती आता लिहावी लागेल, आणि ती मराठीतच लिहावी लागेल.