‘धातुक’ : एका पारिभाषिक संज्ञेची परीक्षा

पवई येथे १९५८ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत धातुविज्ञानाचे अध्यापन इंग्रजीतून होते. घाटकोपर-मुलुंडच्या मराठी शाळांतून तेथे पोचणारा विद्यार्थी मराठी संज्ञांचा काही संचय मनात बाळगूनच वर्गात बसतो. ‘धातुक’ ही त्यांतील एक. मराठी विश्वकोशाने ही संज्ञा स्वीकारली असून तिचा खुलासा ‘कच्च्या रूपातील धातू’ असा केला जातो. संज्ञा उत्तम आहे. खुलासा मात्र दिशाभूल करणारा आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात आकराध्यक्षाच्या प्रकरणी ‘धातू’ म्हणजे खाणीतून निघणारा द्रव्ययुक्त दगड, आणि ‘लोह’ म्हणजे त्यातून काढलेली कोणतीही धातू, अशी वाटणी दिसते. पुढे ‘लोह’ शब्द लोखंडापुरता आकुंचित झाला, त्याच्या रिकाम्या जागी ‘धातू’ आला, आणि खाणीतल्या दगडाला नावच उरले नाही. ती उणीव ‘-क’ प्रत्ययाने भरून काढली. (वैयाकरणांनी जुना अर्थ अधिक जपला म्हणावयाचा, त्यांचा धातूही संस्कारावाचून व्यवहारात येत नाही.)

‘कच्चा’ हे विशेषण मात्र येथे घातक ठरते. कच्चा आंबा पिकतो, कारण तो आधीपासून आंबाच असतो. हेमॅटाइट हे कच्चे लोखंड नव्हे. ते लोह व ऑक्सिजन यांचे संयुग होय. वृत्तपत्रीय ‘लोहखनिज’ या शब्दानेही हाच घोटाळा वाढतो. खनिज ही निसर्गाची कोटी आहे, धातुक ही व्यवहाराची. भारतीय खाण ब्यूरोने हेमॅटाइटयुक्त लोहधातुकाची किमान मर्यादा २००९ मध्ये ५५ टक्के लोहावरून ४५ टक्क्यांवर आणली. पन्नास टक्क्यांचा जो दगड तोवर टाकाऊ होता तो त्यामुळे धातुक ठरला. त्यातील खनिजाचा एक कणही बदलला नव्हता.

या भेदाचे महत्त्व केवळ शाब्दिक नाही. दोन नमुन्यांत प्रत्येकी ५७ टक्के लोह आहे असे समजावे. पहिल्यात हेमॅटाइट आणि क्वार्ट्‌झ असेल, तर दळून कण सुटे केल्यावर प्रत ७० टक्क्यांकडे नेता येते. दुसऱ्यात मुख्यतः गोएथाइट असेल, तर कितीही दळले तरी ६३ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, कारण तेथील पाण्याचा अंश स्फटिकाच्या रचनेतच गुंतलेला असतो; तो घालवावयास भाजणेच भाग पडते. रासायनिक पृथक्करण दोघांसाठी एकच आकडा देते. तो लोह कोणत्या खनिजात, कोणाशी जखडून बसला आहे, हे सांगणे प्रक्रिया-खनिजविज्ञानाचे काम. ‘कच्ची धातू’ म्हणून चालणाऱ्याला हा प्रश्नच सुचत नाही.

तज्ज्ञांनाही तो नेहमी सुचला असे नाही. भारतातील मँगॅनीज धातुकांवर १९०९ मध्ये बृहद्ग्रंथ लिहिणाऱ्या एल. एल. फर्मोर यांनी नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील एका द्रव्याला ‘व्रेडेनबर्गाइट’ असे स्वतंत्र खनिजाचे नाव दिले होते. पुढे घासून चकचकीत केलेले त्याचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा एका नावाखाली जॅकोबसाइट आणि हाउसमनाइट अशी दोन खनिजे परस्परांत विणलेली आढळली. ते नाव खनिजांच्या यादीतून गेले. त्यांचेच ‘गोंडाइट’ मात्र टिकून आहे; ते खडकाचे नाव होते, आणि एकच खनिज असल्याचा दावा त्याने कधी केला नव्हता.