कलनशास्त्राचे दुसरे सत्र : रीतींची गर्दी आणि हरवलेला प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेतील महाविद्यालयांत कलनशास्त्राचे अध्यापन साधारणतः तीन सत्रांत विभागलेले असते. पहिल्या सत्रात सीमा व अवकलन, तिसऱ्यात अनेक चलांची फलने आणि दुसऱ्यात समाकलनाच्या रीती व अनंत श्रेढी शिकविल्या जातात. विद्यार्थी ज्याला ‘कॅल्क्युलस टू’ म्हणतात, तो अभ्यासक्रम हाच होय. अभियांत्रिकी व भौतिकशास्त्राकडे जाणारी वाट या सत्रातून जाते. त्यामुळे येथे अडखळणारा विद्यार्थी केवळ एका विषयात मागे पडत नाही; पुष्कळदा त्याला विद्याशाखाच बदलावी लागते.

या अडखळण्याचे कारण म्हणून विद्यार्थ्याच्या बीजगणितातील कच्चेपणाकडे बोट दाखविले जाते. त्यात तथ्य आहे. तथापि प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मुख्य दोष अभ्यासक्रमाच्या मांडणीत आहे. हा अभ्यासक्रम उत्तरे शिकवितो; परंतु ती ज्या प्रश्नाची उत्तरे आहेत, तो प्रश्न सत्र संपत येईपर्यंत विद्यार्थ्यासमोर ठेवीत नाही.

पाठ्यपुस्तकातील क्रम

जेम्स स्ट्यूअर्ट यांचे ‘कॅल्क्युलस’ (पहिली आवृत्ती १९८७) हे या विषयाचे अतिशय प्रचलित पाठ्यपुस्तक. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत समाकलनाच्या रीती सातव्या प्रकरणात, तर अनंत श्रेढी अकराव्या प्रकरणात आहेत. मध्ये समाकलनाचे उपयोग, अवकल समीकरणे आणि ध्रुवीय सहनिर्देशक अशी तीन प्रकरणे येतात. सातव्या प्रकरणात खंडशः समाकलन, त्रिकोणमितीय आदेशन, आंशिक अपूर्णांक असा क्रम लागतो. अकराव्यात तुलना कसोटी, गुणोत्तर कसोटी, मूळ कसोटी अशी दुसरी यादी सुरू होते. एका यादीचा दुसरीशी संबंध काय, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो आणि बहुधा अनुत्तरित राहतो.

वस्तुतः तो संबंध याच पुस्तकात आहे. घंटाकृती वक्राचे फलन, म्हणजे ‘ई’चा उणे क्ष-वर्ग हा घात, घ्या. या फलनाचे समाकलन प्राथमिक फलनांच्या साहाय्याने लिहिता येत नाही. अशी अशक्यता सिद्ध करण्याची रीत लिउव्हिल यांनी १८३०च्या दशकात घातलेल्या पायावर उभी आहे. सातव्या प्रकरणाच्या उत्तरार्धात अशा फलनांचा ओझरता उल्लेख येतो आणि अकराव्या प्रकरणात, टेलर श्रेढीच्या विभागात, या समाकलाचे मूल्य प्रत्यक्ष काढून दाखविले जाते. शून्य ते एक या मर्यादांत श्रेढीची पहिली पाच पदे अशी : १ – १/३ + १/१० – १/४२ + १/२१६. त्यांची बेरीज सुमारे ०.७४७५ होते. सहावे पद १/१३२० असल्यामुळे त्रुटी एक सहस्रांशापेक्षा कमी आहे, हेही तेथेच कळते.

सर्व रीती थकल्यावर श्रेढी मदतीला येते आणि ती किती चुकेल याची हमीही देते. हाच या सत्राचा कळस आहे. परंतु तो शेवटच्या आठवड्यांत, परीक्षेच्या तोंडावर, अनेक उदाहरणांपैकी एक म्हणून येतो. लेखकाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो क्रमाला आणि त्या क्रमाने दिलेल्या वजनाला.

परीक्षा नेमके काय मोजते?

१९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जेम्स स्लॅगल यांनी आपल्या प्रबंधासाठी ‘सेंट’ नावाचा संगणक-कार्यक्रम तयार केला. त्याला समाकलनाचे ८६ प्रश्न देण्यात आले. त्यांपैकी ५४ प्रश्न त्याच संस्थेच्या प्रथम वर्षाच्या अंतिम परीक्षांतून घेतले होते. यंत्राने ८६ पैकी ८४ प्रश्न सोडविले. ज्या कौशल्यात यंत्र सहा दशकांपूर्वीच उत्तीर्ण झाले, त्याच कौशल्यावर आजही विद्यार्थ्याची गुणवत्ता ठरत असेल, तर आपण नेमके काय मोजतो याचा विचार करावयास हवा.

असा विचार झालाच नाही, असे नव्हे. १९८६ साली न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात भरलेल्या परिषदेतून कलनशास्त्र-सुधारणेच्या चळवळीला चालना मिळाली. पुढे हार्वर्ड गटाच्या पाठ्यपुस्तकाने प्रत्येक संकल्पना आलेख, संख्या व बीजगणित अशा तिन्ही अंगांनी मांडण्याचा आग्रह धरला. मात्र सुधारणा म्हणजे केवळ वजाबाकी, असा अर्थ घेणे धोक्याचे आहे. खंडशः समाकलन ही निव्वळ युक्ती नव्हे; टेलरच्या सूत्रातील शेषपद त्याच रीतीने सिद्ध करता येते. म्हणून रीती काढून टाकणे हा उपाय नाही. कोणती रीत विचार देते आणि कोणती केवळ सराव मागते, याचा विवेक आवश्यक आहे.

एक भारतीय दाखला

श्रेढी व त्रुटी यांचा हा सांधा केरळातील गणिती परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. चौदाव्या-पंधराव्या शतकातील माधवाच्या नावावर असलेली पायची श्रेढी, १ – १/३ + १/५ – १/७ ..., अत्यंत मंद गतीने अभिसरण पावते. दहा पदे घेऊन चौपट केली तरी ३.०४१८ एवढेच मूल्य मिळते. या परंपरेने श्रेढीला शेवटी जोडावयाच्या संस्कारपदांचाही विचार केला. पदांची संख्या ‘न’ असता, पहिले संस्कारपद १/४न घेतल्यास तेच मूल्य ३.१४१८ होते, त्याहून सूक्ष्म असे न/(४न² + १) हे पद घेतल्यास ३.१४१५९ मिळते. सुमारे १५३०च्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात ज्येष्ठदेवाने या श्रेढीची उपपत्ती दिली आहे. श्रेढी अभिसारी आहे काय, एवढे विचारून ही मंडळी थांबली नाहीत. राहिलेला भाग किती, हेही त्यांनी विचारले. आजच्या प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न हमखास असतो, दुसरा क्वचित.

आपल्या संदर्भात

महाराष्ट्रातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी आदेशन, खंडशः समाकलन व आंशिक अपूर्णांक बारावीतच शिकतो. त्यामुळे तो अमेरिकेत गेला, तर या सत्राचा पूर्वार्ध त्याला सोपा वाटतो; श्रेढी सुरू होताच मात्र तो बिचकतो. येथे पदवीच्या वर्गातही अनुभव फारसा निराळा नाही. उत्तर सूत्ररूपाने यावे, या अपेक्षेची सवय झालेल्या विद्यार्थ्याला ‘जवळपास, पण हमीसह’ असे उत्तर अपुरे वाटते. ही सवय आपल्या अध्यापनातूनच लागलेली आहे.

समारोप

यावर उपाय खर्चिक नाही. सत्राच्या पहिल्याच तासाला घंटाकृती वक्राखालील क्षेत्रफळाचा प्रश्न फळ्यावर मांडावा. प्रत्येक नवी रीत त्यावर चालवून पाहावी आणि ती कोठे अडते हे विद्यार्थ्यालाच सांगू द्यावे. श्रेढी आली म्हणजे तो प्रश्न सुटेल आणि दोन याद्या एका सूत्रात ओवल्या जातील. परीक्षेतही ‘समाकल काढा’ याच्या जोडीला ‘त्रुटी किती, ते दाखवा’ असा प्रश्न असावा. दुसरे सत्र कठीण आहे आणि ते कठीणच राहील. परंतु ते निरर्थक वाटू नये, एवढी जबाबदारी अध्यापकाची आहे.